पाडव्याची चौथी पट्टी

नागपूर, २ सप्टेंबर १९८१

सौ. वच्छला हिस,

इथं आशीर्वाद लिहायची रीत आहे. पण तू सातवी पास, मी नववी नापास, कोणी कोणाला आशीर्वाद द्यायचा? म्हणून जागा कोरी सोडली आहे. तुला वाटेल ते भरून घे.

हे पत्र तुझ्या आधी शालिकदादा वाचेल. दादा, रामराम. वाचून झालं की बहिणीला द्या, चुलीत टाकू नका.

मी नागपुरातच आहे. इतवारीतलं बॅटरीचं दुकान सुटलं. थांब, कपाळाला हात लावू नको, आधी ऐक. परवा मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक होती. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळी मारबत पुढं गेली होती, काळी यायची होती, तेवढ्या फटीतून एक बाई दुकानात शिरल्या. चष्मा, सुती पातळ, आणि कापडी पिशवीत रेल्वेच्या भंगारातला जुना सेल. ॲसिडचा नाही, अल्कलीचा. म्हणाल्या, याच्या निकेलच्या प्लेटा काढून कागदासारख्या पातळ कापून मिळतील का. शेठ म्हणाला, अल्कलीचं काम आम्ही करत नाही. मी म्हणालो, मी करतो. येत होतं असं नाही. पण बॅटरीची प्लेट कागदासारखी कशाला पाहिजे, हे कळल्याशिवाय मला त्या दिवशी जेवण गेलं नसतं. रिक्षा मिळेना, म्हणून सेल खांद्यावर घेऊन त्यांच्यासोबत निघालो. त्या सांगत गेल्या, मी ऐकत गेलो, आणि त्यांचं कॉलेज आलं. अजून दुकानात वापस गेलो नाही. शेठचा पाना माझ्या खिशातच आहे.

त्या प्रेमलता मॅडम. फिजिक्स शिकवतात. मला रोजंदारीवर ठेवलं आहे.

काम सांगतो. धंतोलीतल्या दवाखान्यांत हाडांचा एक्स-रे काढतात तो तुला माहीत आहे. मॅडम तोच किरण बॅटरीच्या प्लेटमधून सोडतात. पलीकडे अभ्रकाचा एक वाकवलेला पत्रा आहे, तो त्या किरणाला पसरवतो, काचेच्या लोलकातून उन्हाचे रंग पसरतात तसा, आणि तो पसारा फिल्मच्या पट्टीवर उमटतो. पट्टी काळी असते आणि एका जागी एकदम पांढुरकी होते. तिथून पुढचा किरण निकेलने खाल्लेला असतो. त्या जागेला कडा म्हणतात. बॅटरी भरली की ती कडा केसभर सरकते, उतरली की मागं येते. सगळा खेळ त्या केसाचा.

आतापर्यंत लोक प्लेट बाहेर काढतात, धुतात, वाळवतात आणि मग बघतात. मॅडम म्हणतात, बाहेर काढली की ती प्लेट ती राहतच नाही. सेल चालू असतानाच आत बघायचं. हे मला लगेच पटलं. दुकानात गिऱ्हाईक बॅटरी काउंटरवर ठेवतं, मीटर लावला की ती भरलेली दाखवते. लोडवर घेतली, म्हणजे खरं काम करायला लावली, की कोसळते. तुझ्या घरचे मला बघायला आले तेव्हा मीही काउंटरवरच होतो.

शेगावच्या फलाटावरून माहेरी परतताना तू म्हणालीस ते विसरलो नाही. "एका जागी बसून दाखवा, मंग या मले न्यायले." हे काम बसायचंच आहे. इतवारीत भांड्यांच्या दुकानावर एक खोली घेतली आहे. खिडकी आहे. खाली दिवसभर ठोकाठोक चालते, पण तुला आवाज चालतो.

पत्ता कॉलेजचाच लिही.

ओमप्रकाश


नागपूर, २५ सप्टेंबर

वच्छला,

तुझं पत्र आलं नाही. पोस्टमन येतो तेव्हा गणपतराव आधी पुढं होतात. ते इथले जुने शिपाई, तंबाखू आणि टोमणे दोन्ही सारखंच चघळतात. रोज माझ्याकडे बघून दोन्ही हात रिकामे दाखवतात.

माझं बसणं कसं आहे ते सांगतो. टेबलावर मीटर आहे. त्याच्या सुईला मॅडमनी नेलपॉलिशने एक लाल खूण केली आहे (स्वतः कधी नखांना लावत नाहीत, बाटली मुद्दाम आणली). सेल हळूहळू उतरत असतो. उतरताना त्याचा करंट ढळतो, सुई खुणेवरून खाली येते. मी बाजूच्या, तार गुंडाळलेल्या नळीवरची मूठ जरा सरकवायची आणि सुई खुणेवर आणायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवढंच. दिवसभराच्या किरणाने एक पट्टी होते. आपोआप करणारं यंत्र मॅडमनी मागितलं होतं, मंजुरी आली नाही. म्हणून मी.

मॅडम शिशाच्या पत्र्यापलीकडे एक्स-रेची नळी सांभाळतात. नळी तापू नये म्हणून तिच्यातून पाणी वाहतं ठेवावं लागतं, ते गणपतराव बघतात. कोणी कोणाशी बोलत नाही. पंखाही लावत नाही, सुई हलते म्हणून.

गेल्या आठवड्यात पहिली पट्टी झाली. त्या दिवशी खिडकीबाहेर, लायब्ररीच्या छज्ज्याखाली, दोन माणसं पोळं काढायला आली. एकाच्या कमरेला दोर, हातात ओल्या गोवऱ्यांचा धूर. मधमाश्या उठल्या तेव्हा आकाशात काळी चादर झटकल्यासारखं झालं. मी म्हटलं, जरा बघून येऊ. सुई तर खुणेवरच होती. बघता बघता मी त्यांचा दोर धरून उभा होतो. परत आलो ते हातात पानात बांधलेला पोळ्याचा तुकडा घेऊन, मॅडमसाठी. सुई पार खाली पडून राहिली होती. मी मूठ सरकवली, सुई जागेवर आली. कोणाला कळलं नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी धुतलेली पट्टी काचेवर ठेवून खालून दिवा लावला आणि हातात भिंग दिलं. कडा एक नव्हती. एक होती आणि तिच्या अंगाला लागून अजून एक पुसट होती, ओल्या शाईवर बोट फिरल्यासारखी. मॅडम रागावल्या नाहीत. पेन्सिलीचं टोक ठेवून म्हणाल्या, "ही तुम्ही असतानाची. ही तुम्ही नसतानाची."

वच्छला, मास्तरांनी, बापाने, शेठने, सगळ्यांनी मला आजवर सांगितलं की तू जागेवर नसतोस. पण नसतानाचा फोटो कोणी दाखवला नव्हता. मी भिंग घेऊन कितीतरी वेळ बघत बसलो. गणपतराव म्हणाले, "काय गा, पोरगी पाह्यल्यासारखा काय पाहून राहिला?"

तुला मी सांगितलं होतं की लग्नानंतर शेगावला दर्शनाला जाताना बडनेऱ्याला पाणी भरायला उतरलो आणि गर्दीत गाडी सुटली. गर्दी नव्हती. डब्याखाली दोन माणसं बॅटऱ्यांची पेटी ओढून काढत होती आणि मी वाकून बघत होतो. गाडी हलली तेव्हा मला वाटलं, पेटी हलली. तू शेगावला दोघांचं बोचकं घेऊन फलाटावर बसलीस. मी सकाळी पोचलो. त्या फलाटावर अशी एखादी पट्टी लावलेली असती, तर तिच्यावर तू किती ठसठशीत उमटली असतीस आणि मी कुठंच नसतो.

मध मॅडमनी घेतला. म्हणाल्या, आईला आवडतो. त्यांची आई धंतोलीत दवाखान्यात आहे. रोज संध्याकाळी त्या इथून थेट तिकडे जातात.

ओमप्रकाश


नागपूर, १४ ऑक्टोबर

वच्छला,

काल कोजागिरी झाली. गणपतरावांच्या घरून पेलाभर दूध आलं. ते मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून प्यायलो. होस्टेलची पोरं गाणी म्हणत होती, मला हाक मारली, मी गेलो नाही. मी, आणि गेलो नाही. तुला खरं वाटणार नाही.

सेल मेला. दोन पट्ट्या चांगल्या झाल्या होत्या, तिसरीच्या मधेच सुई कोसळली आणि मूठ कितीही सरकवली तरी वर येईना. उष्म्याने झालं असेल. ऑक्टोबर यंदा फार तापला आहे.

आता पुन्हा पहिल्यापासून. प्लेट कापा, दोन बाजूंना किरण जाईल अशी पातळ पॉलिथिनची खिडकी बसवा, चिकटवा, वाळू द्या. एकाच सेलच्या चार पट्ट्या पाहिजेत: पूर्ण भरलेला, मग उतरताना दोन, मग संपत आलेला. अर्ध्या पट्ट्यांना कोणी विचारत नाही. आणि दिवाळीच्या सुटीनंतर ही खोली नव्या कोर्ससाठी जाणार आहे. कॉलेजच्या ऑफिसातून तसं पत्र आलं आहे. यंत्र खोक्यात भरून माळ्यावर. मॅडमची सहा वर्षं या खोलीत गेली आहेत.

सुटीत होस्टेल, वर्कशॉप सगळं बंद असतं, वीज सरळ येते. म्हणून मॅडमनी ठरवलं आहे की दिवाळीतच चारही पट्ट्या घ्यायच्या. रविवारपासून पाडव्यापर्यंत, दिवसाला एक. मला विचारलं, जमेल का. मी हो म्हटलं. मला कुठं जायचं आहे?

खोली बरी आहे.

ओमप्रकाश


नागपूर, २१ ऑक्टोबर

वच्छला,

शालिकदादांचं कार्ड आलं. गणपतरावांनी आधी वाचलं, मग सगळ्या मजल्याला ऐकवलं, मग मला दिलं.

"जावईबापूंस दिवाळसणाचं आमंत्रण. पाडव्याला सकाळी यावं. वच्छलाला सोबत पाठवायची तयारी आहे. न आल्यास आम्ही काय ते समजून घेऊ."

पहिल्या दिवाळीला जावयाला बोलावतात, हे मी विसरलोच होतो. कार्ड किती वेळा उलटसुलट केलं सांगू नको. मजकूर दादांच्या अक्षरात आहे, पण पत्ता तुझ्या अक्षरात आहे. 'ओमप्रकाश' लिहिताना तुझा काना जरा लांबला आहे.

मी कार्ड खिशात टाकलं, पण गणपतरावांनी मॅडमना सांगितलंच. मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "ओमप्रकाश, तुम्ही जा. पाडव्याला मी गणपतरावांना बसवीन." गणपतराव मागून म्हणाले, "मले ती सुई दोन दिसते बाई. कोणती धरू?" त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मॅडम हसल्या, पण चष्मा काढून पुसत राहिल्या.

आता मागच्या पत्रातलं एक खोटं काढून टाकतो, म्हणजे पुढचं खरं वाटेल. सेल उष्म्याने मेला नाही, मी मारला. त्याच्यातलं पाणी उतरलेलं दिसलं, आणि दुकानात हात सवयीने करतो तसा मी खिशातून पिचकारी काढली आणि पाणी भरलं. पिचकारी शेठच्या दुकानातली, वर्षानुवर्षं ॲसिडमध्ये बुडालेली. अल्कलीच्या सेलला ॲसिडचा थेंबही विष असतो, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा मी बहुतेक त्या अभ्रकाच्या पत्र्यात स्वतःचं तोंड बघत होतो. मॅडमनी लिटमस लावून पाहिलं आणि विचारलं, पिचकारी कुठली. मी म्हटलं, माहीत नाही. दोन दिवसांनी पिचकारी आणि पाना दोन्ही इतवारीत नेऊन दिले आणि येऊन सांगितलं, माझी होती. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. नवीन सेल तुम्हीच बांधा."

बांधला. पातळ प्लेट दोन वेळा चिरली, तिसऱ्यांदा बसली. वच्छला, जन्मात पहिल्यांदा मी एक गोष्ट सुरू करून शेवटाला नेली आहे, आणि ती माझ्या तळहातावर मावते.

अजून एक खोटं. इतवारीत खोली नाही. मी इथंच, स्टोअरच्या खोलीत, फुटक्या ट्रान्सफॉर्मरांच्या मधे झोपतो. खिडकी मात्र आहे.

मी पाडव्याला येत नाही.

हे वाक्य लिहायला सकाळपासून बसलो आहे. कारण लिहिता येत नाही. चौथ्या दिवशी सेल संपत आलेला असतो, सुई सर्वांत जास्त त्याच दिवशी पडते, आणि त्याच पट्टीत कळतं की कडा मागं येते की नाही. मी उठलो तर चारही गेल्या. पण खरं सांगू? तुझ्यासाठी थांबतो आहे की सुईसाठी, ते मलाच समजत नाही. तू म्हणाली होतीस, एका जागी बसून दाखवा. आणि दाखवायची वेळ आली ती नेमकी त्या दिवशी, ज्या दिवशी मी तुझ्या दारात पाहिजे. आलो तर तू म्हणशील, पुन्हा उठून आले. नाही आलो तर दादा समजून घेतील.

भाऊबीज झाली की येतो म्हणून दादांना लिहिलं आहे. त्यांना ते पटेल असं वाटत नाही.

ओमप्रकाश


नागपूर, लक्ष्मीपूजन, संध्याकाळ

वच्छला,

तीन पट्ट्या झाल्या. कॉलेजात आम्ही तिघंच. गणपतराव बादल्या भरतात, मॅडम नळीपाशी, मी सुईपाशी. आज चार वाजता बंद केलं, कारण गावात रोषणाई लागली की वीज ढेपाळते. मॅडम धंतोलीला गेल्या. गणपतराव घरी पूजेला गेले, मला चल म्हणाले. मी नाही म्हटलं, कोणाच्या घरात पाहुणा म्हणून बसलो की तुझं घर आठवतं, जे मी नीट बघितलंही नाही. तुमच्या अंगणात संत्र्याचं झाड आहे का कडुलिंबाचं, तेही आठवत नाही. लग्नाच्या दिवशी मी मांडवाच्या बत्तीवाल्याशी बोलत होतो.

गच्चीवर आलो आहे. सगळं नागपूर फुटतं आहे. सुईकडे बघून बघून डोळे असे झाले आहेत की जिथं बघावं तिथं एक लाल खूण दिसते.

एक गंमत सांगतो. दिवसभर बसलं की आधी पाय चळवळतात, मग डोकं. पोळं आठवतं, बडनेरा आठवतं, कुठं बँड वाजला तर मान वळायला लागते. मग दुपारी कधीतरी सगळं निवतं. सुई, मूठ, आणि मी. तेव्हा फार एकटं वाटतं, पण वाईट नाही वाटत. तुला शेगावच्या फलाटावर तसं वाटलं असेल का? नाही. तुला नुसतं वाईट वाटलं असेल.

उद्या पाडवा. हे पत्र तुला उद्यानंतरच मिळणार.

ओ.


नागपूर, २९ ऑक्टोबर

वच्छला,

तू काल आली होतीस.

मला हे संध्याकाळी पाच वाजता कळलं. सांगतो तसं वाच, म्हणजे मला कळलं त्याच क्रमाने तुलाही कळेल.

सकाळी दहाला चालू केलं. दुपारपर्यंत सेल साथ देत होता. दोननंतर सुई दम लागलेल्या माणसासारखी खाली खाली जायला लागली. मूठ सरकवावी, वर आणावी, हात काढेपर्यंत पुन्हा खाली. मग हात काढलाच नाही. पाठीमागं कधीतरी दार वाजलं. मला वाटलं, गणपतराव बादली घेऊन आले. कांकणांचा आवाज आला असेल, पण आमच्याकडे काचेच्या नळ्याही तशाच वाजतात. एकदा करंजीचा वास आला. मी मनात म्हटलं, ओमप्रकाश, आज दिवाळसण आहे, वास यायचाच.

पाचला मॅडम म्हणाल्या, "सोडा." मी मूठ सोडली तर बोटं उघडेनात. मागं वळलो. दाराशी स्टूल होतं आणि स्टुलावर पितळी डबा.

मी गणपतरावांना विचारलं, हा कोणाचा. ते तंबाखू थुंकून आले. इतकं सावकाश ते कधी बोलले नव्हते.

"तुही बायको आली होती गा. भावाले खाली फाटकापाशी उभं केलं अन् एकटीच वर आली. ताटलीत निरांजन होतं. मी म्हटलं, बाई, इथं आग चालत नाही. तं तिनं फुंकलं. म्हटलं, बोलावू का त्याले? तं म्हणे, नोका उठवू."

मग? मी विचारलं.

"मंग काय. उभी राह्यली. तू पाठमोरा. मले म्हणे, हे असेच बसते काय जी? मी म्हटलं, सकाळपासून बसून आहे, लघवीले बी उठला नाही. तं ते तोंडाले पदर लावून... हासली का रडली, आता मले दोन दोन दिसते, काय सांगू. भावानं खालून हाका मारल्या, काटोलले घरी वापस जायची गाडी होती. मंग गेली."

मी धावलो. स्टँडवर काटोलची गाडी सुटून अर्धा तास झाला होता. त्या फलाटावर मी बसलो, आणि आजूबाजूला सगळे आपापल्या बायकांना घेऊन सासुरवाडीला निघाले होते. माझ्याजवळ बोचकंही नव्हतं.

तू मागं उभी होतीस आणि मी वळलो नाही. बाकी जन्मभर पानपट्टीवर रेडिओ वाजला तरी वळलो.

ओमप्रकाश


१ नोव्हेंबर, काटोलच्या एस.टी.त

वच्छला,

अक्षर हलतं आहे, गाडी खड्ड्यांतून चालली आहे. हे पत्र पेटीत टाकणार नाही. डब्यात ठेवणार आहे. तू दार उघडलं नाहीस तरी डबा तर घेशील.

पट्ट्या धुऊन झाल्या. मॅडमनी चारही एकाखाली एक काचेवर ठेवल्या. पहिलीची कडा एका जागी, दुसरीची जरा मागं, तिसरीची अजून मागं, आणि चौथीची जवळजवळ जिथं यायची तिथं. चौथी सर्वांत स्वच्छ आहे. ब्लेडने कापल्यासारखी. मॅडम बराच वेळ भिंग लावून होत्या. मग त्यांनी नळावर तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "आज आईला सांगते." खोली सोमवारी जाणार आहे, आता जाईना का. खोकी मीच भरली.

चौथ्या पट्टीची एक कागदावर काढलेली प्रत त्यांनी मला दिली. ती या पत्रासोबत आहे. बघशील तर काळा भाग, पांढरा भाग आणि मधे एक रेघ. बस. पण तू आलीस तेव्हा ही पट्टी चालू होती. तू उभी होतीस तो सगळा वेळ हिच्यात आहे. मी भिंगाने सगळी रेघ वरपासून खालपर्यंत बघितली, कुठं तरी पुसट झाली असेल, कुठं तरी तू सापडशील म्हणून. कुठंच नाही. तू आलीस, उभी राहिलीस, गेलीस, आणि रेघ तसूभर हलली नाही. ज्या पट्टीत तू आहेस, त्याच पट्टीत तू दिसत नाहीस. मला याचं काय करावं कळेना, म्हणून तुलाच देतो आहे. तुला नको असेल तर दादांना दे, ते समजून घेतील.

हिंगण्याला एका कारखान्यात बॅटऱ्या लोडवर लावून तपासायच्या बाकावर माणूस पाहिजे आहे. मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली. कंपनीची बस येते. अजून गेलो नाही. आधी डबा.

करंज्या सगळ्या खाल्ल्या. दोन मॅडमना दिल्या, दोन गणपतरावांना. ते म्हणाले, "डबा ठेवून गेली म्हणजे वापस आणून द्या लागन ना गा. एवढं बी समजत नाही तुले?" मी तीन दिवस डब्याकडे बघत होतो आणि मला खरंच समजलं नव्हतं. डब्यावर तुझ्या आईचं नाव कोरलेलं आहे. तो काही कोणी कॉलेजात विसरून जात नाही.

रिकामा डबा वापस नेत नाहीत, ते मात्र मला माहीत आहे. इतवारीतून साखर घेतली आहे. अजून काही सुचलं नाही. वर पट्टी, तिच्यावर हे पत्र.

आता कळमेश्वर आलं. गाडी थांबली आहे, ड्रायव्हर चहाला उतरला. खिडकीखाली एक ट्रक बिघडून उभा आहे, आणि एक म्हातारा मिस्त्री त्याची बॅटरी खाली उतरवून तिच्यात काहीतरी असं भरून राहिला आहे की मी आजपर्यंत कुठं बघितलेलं नाही. पांढरं आहे. सोडा नाही, मीठही नाही. तो बाटली उन्हात धरून बघतो आणि स्वतःशीच हसतो. गाडीतली निम्मी माणसं उतरून त्याच्याभोवती उभी आहेत.

डबा मांडीवर आहे.

कंडक्टरने घंटी दिली. मी उतरलो नाही. ते काय होतं, ते आता मला कधी कळणार नाही.

ओमप्रकाश